⚡ शॉक लागला तर आधी मेन स्विच, मग माणूस

पुण्यात काय, गावात काय, सबस्टेशनच्या भिंतीवर शॉकच्या प्रथमोपचाराचा तक्ता लावणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या पंपाच्या खोलीत तो नसतो. म्हणून एवढं लक्षात ठेवा:

1) चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा; नुसत्या स्टार्टरवर विसंबू नका.
2) खांबावरची तार तुटून पडली असेल तर काठीनेही हलवू नका. लांब राहा, 1912 ला फोन करा.
3) शुद्ध नाही, श्वास नाही? 108 लावा, फोन स्पीकरवर ठेवा. छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा, दोन इंच खोल दाबा. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबू नका.

पाणी पाजणं, मातीत पुरणं यात जीव जातो.
आजच कागदावर लिहून स्टार्टरशेजारी चिकटवा. घरातल्या बायका-पोरांनाही मेन स्विच दाखवून ठेवा.