सुपारीचे पच्चक्खाण

रविवारच्या पाठशाळेत सात व्यसनांची नावे विचारली, तर तेरा-चौदा वर्षांचा मुलगा ती एका दमात सांगतो : जुगार, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी, परस्त्रीगमन. सुपारी त्यांत नाही. म्हणून पाठशाळा सुटल्यावर सुगंधी सुपारीची पुडी तोंडात रिकामी करताना आपण काही मोडतो आहोत, असे त्याच्या मनातही येत नाही. तीत कांदा-लसूण नाही, कंदमूळ नाही. घरी तर सुपारी पूजेच्या ताटात असते आणि पाहुण्यांपुढच्या तबकातही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसती, तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे. तिच्या सेवनाने गालांच्या आतील अस्तराखाली तंतू साचू लागतात. प्रथम तिखट पदार्थाने आग होते. मग गाल ताठरतात आणि तोंड उघडेनासे होते. ही हानी पूर्णपणे भरून येत नाही, आणि काही रुग्णांत पुढे कर्करोग होतो.

वास्तविक शास्त्रकारांच्या नजरेतून सुपारी सुटलेली नाही. अशन, पान, खादिम आणि स्वादिम या चार आहारांपैकी ती स्वादिमात मोडते. चउविहार करणारा सूर्यास्तानंतर तीही वर्ज्य करतो. पर्युषणात अठ्ठाई करणारा मुलगा आठ दिवस सुपारीवाचून राहतो, आणि घरच्यांना त्याचे कौतुक वाटते. पारण्यानंतर पुडी पुन्हा खिशात येते, ती मात्र कोणी पाहत नाही. आठ दिवस जे जमले ते नवव्या दिवशी का जमू नये, हा प्रश्न त्याला विचारण्याची खरी वेळ तीच.

दुकानाचा प्रश्न याहून अवघड. महाराष्ट्रात गुटखा व पानमसाल्याच्या विक्रीवर २०१२ पासून बंदी आहे. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास २००३ च्या केंद्रीय कायद्याचीही मनाई आहे. तरी पुड्या मिळतात, आणि त्या देणाऱ्या गल्ल्यामागे कधी कधी श्रावकच बसलेला असतो. श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचे नाव आहे, हे पाठशाळेत त्याच मुलाला शिकवले जाते.

घरी एक साधी पाहणी करता येते. मुलाने आपलीच तीन बोटे उभी जोडून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ती सहज मावत नसतील, तर दंतवैद्याकडे जाण्यास सणवार किंवा परीक्षा आड येऊ देऊ नये.