पस्तीस डॉलरांची जागा

पंचवीस फूट रुंद, शंभर फूट लांब. आपल्याकडच्या मापाने अडीच गुंठ्यांहून थोडी कमीच. किंमत पस्तीस डॉलर. सहा डॉलर आगाऊ भरायचे, उरलेले महिन्याला एक याप्रमाणे फेडायचे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, लेक काउंटीतल्या रेताड जमिनीवर, एका तळ्याच्या काठी शंभर वर्षांपूर्वी असे हजारो प्लॉट पडले. ते घेणारे कृष्णवर्णीय होते. त्यांत डॉक्टर-वकील होते, शिक्षिका होत्या आणि कारखान्यांतले कामगारही होते. त्या प्लॉटांचं मिळून जे गाव झालं, त्याचं नाव आयडलवाइल्ड.

१९५०च्या दशकात ऐन उन्हाळ्यात या गावात पंचवीस हजारांपर्यंत माणूस उतरायचा, असं सांगतात. आज बारा महिने राहणारे काहीशेच आहेत. आयडलवाइल्डचा विषय निघाला की लोक आधी तिथे गाऊन गेलेल्या कलावंतांची नावं घेतात. ती नावं खरंच मोठी आहेत, आणि पुढे मीही घेणार आहे. पण हे गाव उभं केलं ते महिन्याला एक डॉलर भरणाऱ्यांनी, आणि त्याची कथा त्यांच्यापासूनच सांगायला हवी.

ही जमीन कुणालाच नको होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशिगनमधली पांढऱ्या पाइनची जंगलं लाकूड कंपन्यांनी साफ केली. लाकूड गेलं आणि मागे बुंधे, रेती आणि तळी उरली. त्या रेतीत शेती धड होईना. जवळच्या बाल्डविन गावापर्यंत रेल्वे मात्र आली होती. इरॅस्टस ब्रँच, त्याचा भाऊ अ‍ॅडेलबर्ट आणि शिकागोचे काही भागीदार, सगळे गोरे, यांनी १९१२च्या सुमारास ‘आयडलवाइल्ड रिसॉर्ट कंपनी’च्या नावाने इथली सुमारे सत्तावीसशे एकर जमीन जमवली आणि ती फक्त कृष्णवर्णीयांना विकायचं ठरवलं. हा धंदा होता, त्यात समाजसेवा नव्हती. मात्र गिऱ्हाइकाची गरज त्यांनी अचूक ओळखली होती.

ती गरज काय होती, हे १९१९च्या शिकागोवरून कळतं. २७ जुलैला मिशिगन सरोवरात पोहणारा यूजीन विल्यम्स नावाचा कृष्णवर्णीय मुलगा गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या पाण्यात वाहत गेला. किनाऱ्यावरून दगड आले आणि तो बुडून मेला. त्यानंतरच्या दंगलीत अडतीस माणसं गेली. ही दक्षिणेतली गोष्ट नाही. दक्षिणेतल्या जाचाला कंटाळून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं ज्या उत्तरेत आली होती, तिथली ही गोष्ट आहे. उत्तरेत कारखाने होते, रोख पगार होता. हेन्री फोर्डने १९१४ साली दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, म्हणजे त्या दराने पस्तीस डॉलर ही सात दिवसांची मजुरी झाली. हातात पैसा होता, उन्हाळ्याची सुट्टी होती. पण हॉटेलात खोली मिळत नव्हती आणि पाण्यात उतरलं तर जीव जाऊ शकत होता.

म्हणून आयडलवाइल्ड चाललं. कंपनीने शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलँड अशा शहरांत कृष्णवर्णीय विक्रेतेच नेमले. ते ओळखीपाळखीत, बैठकांमध्ये नकाशे घेऊन जायचे. गिऱ्हाइकांना जथ्याने जागा दाखवायला आणायचे, आणि अनेकांनी तर जागा न पाहताच पैसे भरले. आलेल्यांना उतरायला कंपनीने लाकडाच्या एकखोली झोपड्या बांधल्या होत्या. त्यांचा आकार एवढा लहान, की लोक त्यांना ‘डॉगहाउस’ म्हणू लागले. दार, खिडकी, झोपायची सोय, एवढंच. त्या काळी वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या आलिशान विश्रामस्थानांपुढे हे काहीच नव्हतं. पण सकाळी उठून दार उघडलं की समोर तळं, आणि त्यात पोहू नको म्हणणारं कुणी नाही. मला वाटतं, त्या झोपडीचं मोल तिच्या चार भिंतींत नव्हतं, दारासमोरच्या त्या पाण्यात होतं.

गावाला पत मिळवून दिली डॉ. डॅनिएल हेल विल्यम्स यांनी. शिकागोत १८९१ साली त्यांनी प्रॉव्हिडंट हॉस्पिटल काढलं. तिथे कृष्णवर्णीय परिचारिकांना शिक्षण मिळे, आणि रुग्ण कुठल्याही वर्णाचा चाले. १८९३ साली छातीत सुरा लागलेला एक तरुण तिथे आला. ना क्ष-किरण, ना प्रतिजैविकं. विल्यम्स यांनी छाती उघडली, हृदयाभोवतीचं फाटलेलं आवरण टाके घालून शिवलं आणि तो माणूस पुढे अनेक वर्षं जगला. हृदयशस्त्रक्रियेच्या इतिहासात जी अगदी सुरुवातीची यशस्वी उदाहरणं मोजली जातात, त्यातलं हे एक. अशा माणसाने आयडलवाइल्डमध्ये जमीन घेतली, घर बांधलं, आणि इतरांनाही प्लॉट पाडून दिले. अर्धांगाच्या झटक्यानंतर ते तिथेच राहिले आणि ४ ऑगस्ट १९३१ रोजी तिथेच गेले. तळ्यातल्या बेटाला आज त्यांचं नाव आहे.

केसांच्या प्रसाधनांच्या व्यवसायातून मोठ्या झालेल्या मॅडम सी. जे. वॉकर यांनी इथे जागा घेतली. कादंबरीकार चार्ल्स चेस्नट क्लीव्हलँडहून उन्हाळ्यात यायचे आणि मासे पकडत बसायचे. डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनीही प्लॉट घेतले आणि १९२१ साली ‘द क्रायसिस’ या आपल्या मासिकात या जागेबद्दल मनापासून लिहिलं. मराठी वाचकाला हे नाव परकं वाटू नये. १९४६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी याच द्यु बॉइसना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, कारण अस्पृश्यांची आणि कृष्णवर्णीयांची स्थिती त्यांना सारखी दिसत होती. द्यु बॉइस यांनी ३१ जुलैला आस्थेने उत्तर दिलं. महाडचं तळं ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आयडलवाइल्डचं तळं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पण मोठी माणसं उन्हाळ्यापुरती यायची. गाव वर्षभर जागं ठेवलं ते वेगळ्यांनी. शिकागोहून आलेल्या लीला आणि हर्मन विल्सन या जोडप्याने किराणा दुकान काढलं, जमीन घेऊन ‘पॅराडाइज गार्डन्स’ वसवलं, हॉटेल आणि क्लब चालवला. चर्च आलं, मग मोटेलं आली, न्हाव्याची दुकानं आली. जागामालकांनी संघटना बांधली, शहरोशहरी तिच्या शाखा निघाल्या. येट्स टाउनशिप ही आपल्या ग्रामपंचायतीसारखी संस्था, तिचा कारभार कृष्णवर्णीयांच्या हाती आला. त्या काळात बहुतेक ठिकाणी त्यांना अंगणाबाहेर अधिकार नव्हता. इथे रस्ता कुठे करायचा हे ते स्वतः ठरवत होते. आयडलवाइल्डची सगळ्यात मोठी कमाई मी हीच मानतो.

युद्धानंतर रात्रीही रंगू लागल्या. १९४९ साली कॅसाब्लँका हॉटेल उभं राहिलं. फिल जाइल्स यांनी बेटावर फ्लेमिंगो क्लब काढला. सॅगिनॉच्या आर्थर ब्रॅग्ज यांनी पॅराडाइज क्लब हाती घेतला आणि ‘आयडलवाइल्ड रेव्ह्यू’ बसवला. त्यात वादक होते, नर्तकी होत्या, झगमगते पोशाख होते, आणि उन्हाळा संपला की हाच ताफा शहरांच्या दौऱ्यावर निघायचा. डेला रीस, जॅकी विल्सन, टी-बोन वॉकर इथे गायले. डेट्रॉइटची चार पोरं, फोर टॉप्स, मोटाउन कंपनीने करार करण्याआधी इथल्या रंगमंचावर तयार झाली. प्रेक्षकांत बसलेला माणूस मात्र तिथवर सहज आलेला नसे. डेट्रॉइटहून सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक रस्ता. वाटेत कुठे जेवू देतील, कुठे नाही, याची खात्री नाही. म्हणून लोक डबे बांधून निघायचे आणि व्हिक्टर ग्रीन यांची ‘ग्रीन बुक’ ही मार्गदर्शिका जवळ ठेवायचे.

२ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायदा झाला. हॉटेलं, उपाहारगृहं, नाट्यगृहं यांना वर्णावरून माणूस नाकारता येईना. कलावंतांना लास व्हेगासचे आणि मोठ्या शहरांचे रंगमंच मिळाले, कुटुंबांना कुठेही जाता येऊ लागलं. काही वर्षांत क्लब बंद पडले, पॅराडाइज पाडला गेला.

समान हक्कांनीच आयडलवाइल्ड बुडवलं, असं वाक्य यावर नेहमी लिहिलं जातं. मला ते पटत नाही. गोऱ्यांच्या हॉटेलांना नवं गिऱ्हाईक मिळालं, पण गोरे काही आयडलवाइल्डला येऊ लागले नाहीत. कायद्याने दार दोन्हीकडून उघडलं, ये-जा मात्र एकाच बाजूने झाली. शिवाय बँकांची कर्जं या गावाकडे पूर्वीही वळली नव्हती आणि नंतरही वळली नाहीत. लेक काउंटी आजही मिशिगनमधल्या सर्वात गरीब भागांत मोडते.

जे टिकले, ते जागा स्वतःच्या नावावर असलेले. कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं डेट्रॉइटचं घर विकून वडिलांच्या प्लॉटवर राहायला आली. पण तोच पंचवीस फुटी तुकडा आता अडचणही झाला आहे. घर, विहीर आणि सांडपाण्याचा खड्डा एवढ्यात बसवणं कठीण. शेजारचा तुकडा घ्यावा तर मालक कोण ते सापडत नाही, कारण कागदावर आजीचं नाव आणि वारस चार राज्यांत विखुरलेले. ज्यांचा कर थकला, त्यांच्या जागा सरकारजमा झाल्या.

१९७९ साली गावाच्या जुन्या भागाची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत नोंद झाली. एक सांस्कृतिक केंद्र आहे, फ्लेमिंगोची इमारत उभी आहे आणि तिच्या डागडुजीसाठी लोक पैसे जमवत आले आहेत. जागामालकांची संघटना आणि शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलँडमधले ‘आयडलवाइल्डर्स’ क्लब उन्हाळ्यात इथे जमतात. हिवाळ्यात बर्फ पडलं की गावात मोजकीच घरं उघडी असतात. त्या घरांतली माणसं टाउनशिपच्या बैठकीला जातात, रस्त्यावरचं बर्फ कधी काढणार ते विचारतात, आणि मालक न सापडलेल्या प्लॉटांचं काय करायचं यावर चर्चा करतात.