संशोधकाच्या पाठीशी कोण उभे असते?



हिवताप डासांमुळे पसरतो हे आपण लहानपणीच शिकतो. हा शोध कोणी लावला असे परीक्षेत विचारले, तर 'रोनाल्ड रॉस, १८९७' एवढ्या उत्तराला पूर्ण गुण मिळतात. परंतु या उत्तरात एक महत्त्वाची गोष्ट राहून जाते. संशोधनाच्या क्षेत्रात अगदी नवखा असलेला एक लष्करी डॉक्टर हे काम कसे करू शकला? त्याच्या पाठीशी कोणी होते काय? आणि कोणी नसते तर?

हे प्रश्न केवळ इतिहासाचे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली हिवतापाने जगात सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य आफ्रिकेतील लहान मुले होती. या रोगावरचे पुढचे शोध लावणारे कित्येक जण आज कुठेतरी शिकत असतील किंवा नुकतेच कामाला लागले असतील. त्यांना कशाची गरज असते, हे रॉसच्या गोष्टीवरून चांगले समजते.

एक कल्पना देऊन टाकली

रॉसचा जन्म १८५७ मध्ये अलमोडा येथे झाला. १८८१ मध्ये तो हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेत दाखल झाला. गणित आणि कविता यांची त्याला आवड होती. त्याआधी एक वर्ष, म्हणजे १८८० मध्ये, लावेरान या फ्रेंच डॉक्टरला अल्जीरियात हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात परजीवी जंतू दिसले होते. रॉसने पुष्कळ रक्त तपासले, पण त्याला ते जंतू काही दिसेनात. तेव्हा लावेरानचेच चुकत असावे, असे त्याचे मत झाले.

१८९४ मध्ये तो रजेवर लंडनला गेला आणि डॉ. पॅट्रिक मॅन्सन याला भेटला. मॅन्सन त्याच्याहून १३ वर्षांनी मोठा. हत्तीरोगाशी संबंधित कृमींची वाढ डासाच्या शरीरात होते, हे त्याने चीनमधील अमॉय बंदरात १८७७ साली दाखवून दिले होते. मॅन्सनने रॉसशी वाद घातला नाही. त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवले आणि तो जंतू प्रत्यक्ष दाखवला. पुढे एके दिवशी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून चालता चालता त्याने आपल्या मनातील तर्क रॉसला सांगितला : हिवतापाचे जंतूही डासच वाहून नेत असले पाहिजेत.

मॅन्सन लंडनमध्ये होता. तर्काची परीक्षा मात्र जेथे रोगी आणि डास दोन्ही आहेत तेथेच होऊ शकत होती. म्हणून त्याने आपली कल्पना एका नवख्या माणसाच्या हाती सोपवली.

बोटीने जाणारी पत्रे

१८९५ मध्ये रॉस सिकंदराबादला रुजू झाला. या विषयावर बोलावे असे तेथे कोणी नव्हते. म्हणून तो मॅन्सनला पत्रे लिहू लागला. पुढच्या चार वर्षांत दोघांत शंभराहून अधिक पत्रे गेली-आली. टपाल बोटीने जाई, त्यामुळे एका प्रश्नाचे उत्तर यायला महिन्याहून अधिक काळ लागे. रॉसने काय पाहिले ते लिहावे आणि मॅन्सनने पुढे कोठे पाहावे ते सुचवावे, असा क्रम चालला होता.

मार्गदर्शकाचे सगळेच बरोबर होते असे मात्र नाही. डास एकदा रक्त पिऊन पाण्यात मरतो आणि ते पाणी पिणाऱ्याला रोग होतो, असे मॅन्सनला वाटे. रॉसने तसे पाणी माणसांना पाजूनही पाहिले. (आजच्या नियमांप्रमाणे असा प्रयोग सहजासहजी करता येणार नाही.) त्यातून पटण्याजोगे काही निघाले नाही. मग डासांचे विच्छेदन सुरू झाले. दोन वर्षे करड्या आणि पट्टेरी डासांची पोटे तपासून झाली, पण काही सापडले नाही. कारण ती जातच वेगळी होती.

ऑगस्ट १८९७ मध्ये ठिपकेदार पंखांचे काही डास हाती आले. १६ ऑगस्टला ते हुसेन खान नावाच्या रोग्याला चावू दिले आणि त्याला दर डासामागे एक आणा देण्यात आला. २० ऑगस्टला त्यांतील एका डासाच्या जठराच्या भित्तीत रॉसला गोल पेशी दिसली. तिचा व्यास सुमारे १२ मायक्रोमीटर होता आणि आत हिवतापाच्या जंतूत असतात तसे काळे कण होते. तुमच्या मोजपट्टीवरील १ मिलिमीटर अंतरात अशा ८० हून अधिक पेशी ओळीने मावतील! त्या उन्हाळ्यात सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजले होते आणि नेत्रिकेला तडा गेला होता. डास उडून जाऊ नयेत म्हणून पंखाही चालवता येत नव्हता.

आणि बदली झाली

आता काम नेटाने पुढे जाणार, तोच सप्टेंबरमध्ये रॉसची बदली राजपुतान्यातील खेरवाडा येथे झाली. तेथे हिवतापाचे रोगी जवळजवळ नव्हतेच. रोगी, योग्य जातीचे डास आणि सूक्ष्मदर्शक या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी नसतील, तर हा प्रयोग होऊच शकत नाही. एका साध्या सरकारी हुकुमाने शोध अर्ध्यावर थांबला.

पत्रातून धीर देणे सोपे असते. मॅन्सन त्यापुढे गेला. त्याने लंडनमधील वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे रॉससाठी खटपट केली, आणि फेब्रुवारी १८९८ मध्ये खास संशोधनासाठी रॉसची नेमणूक कलकत्त्याला झाली. तेथे त्याने पक्ष्यांच्या हिवतापावर काम केले. जंतू शेवटी डासाच्या लाळग्रंथीत पोहोचतात व चाव्यावाटे निरोगी पक्ष्याच्या रक्तात शिरतात, हे जुलैपर्यंत सिद्ध झाले. त्याच महिन्यात एडिंबरो येथील डॉक्टरांच्या सभेत मॅन्सनने ही वार्ता रॉसच्या नावानिशी जाहीर केली. माणसाच्या हिवतापात हेच घडते, हे इटलीतील ग्रासी व त्याच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी दाखवले. १९०२ मध्ये रॉसला नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे रॉस आणि मॅन्सन यांच्यात वितुष्ट आले, परंतु त्यामुळे आधीच्या मदतीचे मोल कमी होत नाही.

मदत कोणापर्यंत पोहोचली नाही?

कलकत्त्यात रॉसच्या हाताखाली मोहम्मद बक्ष नावाचा सहायक होता. डास पाळणे आणि पक्ष्यांची निगा राखणे ही कामे असे सहायक नसते तर पार पडली नसती. परंतु त्याला सूक्ष्मदर्शकामागचे शास्त्र शिकवावे, त्याच्यासाठी कोणी खटपट करावी, असे झाले नाही. रोग ज्यांच्या देशात होता, त्यांच्यातून संशोधक घडवण्याचा विचार तेव्हाच्या राज्यकर्त्यांना फारसा सुचला नाही.

हा विचार जागतिक पातळीवर रुजायला पुढे बराच काळ लागला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उष्ण कटिबंधातील रोगांसाठी एक खास कार्यक्रम सुरू केला. त्याच्या नावातच 'संशोधन' आणि 'प्रशिक्षण' असे दोन्ही शब्द आहेत. रोगग्रस्त देशांतील तरुणांना संशोधक म्हणून तयार करणे, हा त्याचा निम्मा हेतू. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीची विद्यार्थिवृत्ती योजना सुरू केली. शिकत असतानाच दोन महिने मार्गदर्शकाच्या हाताखाली एखाद्या प्रश्नावर काम करता यावे, अशी ती योजना.

परंतु नुसत्या विद्यावृत्तीने भागत नाही. शिकून परतलेल्या तरुणाला प्रयोगासाठी जागा, हाती उपकरण, मोकळा वेळ आणि चार वर्षे एकच प्रश्न सोडवत राहण्याची मुभा हवी. ती नसेल, तर आजही त्याची गत खेरवाड्यातील रॉससारखी होईल.

तुम्ही काय कराल?

पावसाळ्यात साठलेल्या पाण्यातील डासांच्या अळ्या शिक्षकांच्या मदतीने काचेच्या भांड्यात घ्या व भिंगातून पाहा. ज्या अळ्या पृष्ठभागाला समांतर आडव्या राहतात, त्या ॲनॉफिलीसच्या, म्हणजे रॉसला हव्या असलेल्या डासांच्या. ज्या डोके खाली करून तिरप्या लोंबतात, त्या दुसऱ्या जातींच्या. तारीख, जागा आणि संख्या वहीत नोंदवा. भांड्यावर जाळी बांधायला विसरू नका, आणि काम संपताच पाणी कोरड्या जमिनीवर ओतून द्या.

शिक्षकांनाही एक विनंती. अशी वही घेऊन एखादा विद्यार्थी तुमच्याकडे आला आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला ठाऊक नसेल, तर त्याला परत पाठवू नका. त्याच्या शेजारी बसा आणि भिंगातून तुम्हीही पाहा.