अंडे की केळे? निवडीची चव मेंदूत

समजा, पंगतीत आपल्या पानात दोन चमचे भरीत पडले. वाढणाऱ्याने एकदा विचारले, "भरीत वाढू की शेवभाजी?" आणि आपण भरीत म्हणालो. दुसऱ्या वेळी त्याने न विचारताच भरीत वाढले. वांगे तेच, मिरची तेवढीच. जिभेकडून मेंदूकडे जाणारे संदेशही जवळजवळ सारखेच. मग दोन्ही वेळचा आनंद सारखाच असेल का?

हा प्रश्न आम्ही मुद्दाम शिक्षकांसमोर ठेवत आहोत, कारण शाळेत रोज शेकडो ताटे वाढली जातात आणि त्यांतली काही अर्धी तशीच उरतात.

प्रथम एक भेद लक्षात घेऊ. एखादा पदार्थ 'हवासा वाटणे' आणि खाताना तो 'आवडणे' या मेंदूच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये मेंदूतील डोपामिन हे रसायन जवळजवळ नाहीसे केलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे उंदीर आपण होऊन खात नसत. पण तोंडात साखरपाणी सोडले की चेहऱ्यावरची आवडीची लक्षणे पूर्वीसारखीच दिसत. म्हणजे डोपामिन मुख्यतः ओढ निर्माण करते. गोडीचा आनंद बराचसा दुसऱ्या यंत्रणेवर अवलंबून असतो.

निवडीचा संबंध आधी या ओढीशी येतो. लॉरेन लिओटी आणि मॉरिसिओ डेलगाडो यांनी 2011 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 'आता तुम्ही निवडा' किंवा 'आता संगणक निवडेल' अशी सूचना देणारी खूण पडद्यावर येई. बक्षीस दोन्हीकडे सरासरीने सारखेच होते. तरी 'तुम्ही निवडा' ही खूण लोकांना अधिक आवडली आणि ती दिसताच, बक्षीस मिळण्यापूर्वीच, मेंदूच्या खोल भागातील स्ट्रायटम अधिक सक्रिय झाले. डोपामिनचे मोठे जाळे याच भागात आहे. येथे बक्षीस खाण्याचे नव्हते हे विसरू नये. परंतु अन्नाच्या बक्षिसालाही हाच भाग प्रतिसाद देतो.

निवडीच्या उलट टोकाला सक्ती असते. एमी गॅलोवे यांच्या गटाने 2006 मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दोन प्रकारची सुपे दिली. एका सुपाबाबत "संपवा बरे" असा आग्रह होता, दुसऱ्याबाबत काहीच नाही. आग्रहाचे सूप मुलांनी कमी प्यायले आणि त्याला नावेही जास्त ठेवली.

मग पर्याय जितके जास्त तितके चांगले? तसे नाही. एलेना रॉयट्स्काया आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये लोकांना 6, 12 किंवा 24 चित्रांतून एक निवडायला सांगितले. स्ट्रायटममधील हालचाल 12 चित्रांच्या वेळी सर्वाधिक होती; 24 ला ती उतरली. निवडण्याचा आनंद वाढतो तसे निवडण्याचे श्रमही वाढतात.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांना लागू पडावी. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांच्या 1999 च्या अभ्यासात अमेरिकेतील गोऱ्या मुलांनी स्वतः निवडलेली शब्दकोडी अधिक हौसेने सोडवली. पण आशियाई वंशाची मुले आईने निवडलेल्या कोड्यांत अधिक रमली. म्हणजे कोण निवडतो, त्याच्याशी नाते काय, यालाही महत्त्व आहे.

आता आपल्या शाळेकडे वळू. पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे किंवा स्थानिक फळ द्यावे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर 2023 मध्ये घेतला. 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या केळ्याच्या जळगाव जिल्ह्यात हा पर्याय घरचाच. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी थांबवण्यात आला. पण लहान निवडींना निधी लागत नाही. "खिचडी किती वाढू?", "उसळ वर घालू की बाजूला?" एवढे विचारणेही निवडच आहे.

याचा पडताळा वर्गात घेता येईल. एकाच फणीतील केळ्यांचे सारखे तुकडे लाल आणि निळ्या बशीत ठेवा. मुलांच्या जोड्या करा. नाणे उडवून जोडीतला एक निवडणारा ठरवा. त्याने जी बशी निवडली त्याच बशीतला तुकडा जोडीदाराला न विचारता द्या. दोघांनी एकमेकांना न दाखवता 1 ते 5 गुण लिहावेत. ज्यांना केळे चालत नाही त्यांनी नोंदी ठेवाव्यात. जोडीदाराला तीच बशी कशासाठी? निवडणाऱ्यांना चांगला तुकडा मिळाला म्हणून गुण वाढले, अशी शंका उरू नये यासाठी. हे कारण मुलांनाच शोधू द्या. एका वर्गात फरक दिसेलच असे नाही. न दिसला तर तेही प्रामाणिकपणे फळ्यावर लिहावे आणि दुसऱ्या तुकडीत प्रयोग पुन्हा करावा.

ताटात पदार्थ एकच असला, तरी वाढण्यापूर्वी विचारता येतेच. उरलेल्या अन्नासाठी मुलांना रागावण्याआधी महिनाभर एवढे करून पाहावे आणि रोज उरलेले अन्न मोजावे.