उन्हाळा, साप आणि सातबारा

चैत्र सरत आला की हिंगोली जिल्ह्यातील खेड्यांचा रात्रीचा मुक्काम घरातून अंगणात हलतो. पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो, आणि दिवसभर तापलेले पत्र्याचे घर मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. माणसे मग ओट्यावर, अंगणात, गोठ्याच्या कडेला अंथरूण टाकतात. साप, सरडा, पाल यांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या उष्णतेवर अवलंबून असते. त्यामुळे त्यांनाही दुपारची होरपळ सोसत नाही. रांजणाखालची ओल, जळणासाठी रचून ठेवलेल्या पऱ्हाट्या व तुराट्या, कडब्याची गंजी यांच्या आश्रयाने ते दिवस काढतात, आणि सापांपैकी बरेचसे अंधार पडल्यावर बाहेर निघतात. माणूस आणि सरपटणारे प्राणी या दोघांनाही एकाच गारव्याची ओढ असते, आणि गरिबाच्या घरी तो गारवा फार थोड्या जागेत सामावलेला असतो.

या शेजाऱ्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी आहेत, हे शाळेतील पाठ्यपुस्तकात वाचूनही कोणाला पटत नाही. पाल दुधात पडली की दूध विषारी झाले, असे सुशिक्षित घरांतूनही मानले जाते. वस्तुतः आपल्याकडील पालीला विषच नसते. दूध टाकून द्यावे ते अस्वच्छतेसाठी. सापसुरळीचीही तीच बदनामी. धामण तर मुख्यतः उंदरांवर जगते, तरीही ती दिसताच काठी शोधली जाते. नागपंचमीला नांगर न धरणारा शेतकरी इतर दिवशी असा वागतो, यात त्याची दांभिकता पाहण्याचे कारण नाही. अंधारात धामण कोणती आणि नाग कोणता, हे ठरवीत बसण्याइतकी सवड त्याला नसते.

परंतु साप घरात येतो कशासाठी, हा प्रश्न केवळ प्राणिशास्त्राचा नाही. काढणीच्या वेळी सोयाबीनचा भाव पडलेला असतो. ज्याला थांबणे शक्य आहे तो शेतकरी भाववाढीच्या आशेने पोत्यांची थप्पी राहत्या घरातच लावतो. जोडीला वर्षाची ज्वारी आणि गहू असतो. धान्यामागून उंदीर येतात आणि उंदरांमागून नाग व धामण येतात. गावाजवळ परवडणारे गोदाम असते, तर ही साखळी उंबऱ्याबाहेरच तुटली असती.

मण्याराची गोष्ट वेगळी आहे, आणि अधिक भयंकर आहे. हा साप रात्री हिंडतो व जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावतो. दंशाच्या जागी वेदना नाममात्र. सूज बहुधा नसतेच. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. घरच्यांना अपचनाची शंका येते, आणि सापाचे नाव निघेपर्यंत श्वास अडखळू लागलेला असतो. एकदा श्वसनाचे स्नायू लुळे पडले की प्रतिविषाच्या कुप्या पुरेशा ठरत नाहीत, कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र लागते. ते तालुक्याच्या गावी मिळेलच असे नाही, म्हणून रुग्णाला हिंगोलीला किंवा थेट नांदेडला न्यावे लागते. हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले, तेव्हा पुढे हे अंतर थोडे कमी व्हावे. त्याआधीचा मोलाचा वेळ मात्र मारुतीच्या पारावर आणि कडुलिंबाचा पाला चघळण्यात जातो. बहुतेक दंश बिनविषारी सापांचे असतात, विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष भिनतेच असे नाही, आणि त्या बचावाचे श्रेय मांत्रिकाला मिळते.

या संकटावरील सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एक बाज आणि चहूबाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी. जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर झोपणारा माणूस मण्याराच्या वाटेत येत नाही. एका रुग्णाला प्रारंभीच प्रतिविषाच्या दहाएक कुप्या द्याव्या लागतात. त्यासाठी सापांचे विष काढायचे, ते घोड्यांना टोचायचे, त्यांच्या रक्तातील द्रव शुद्ध करायचा, असा दीर्घ खटाटोप असतो. एवढ्या खर्चाच्या तुलनेत बाज व मच्छरदाणी अगदीच किरकोळ. तरीही घरात माणसे सहा आणि बाज एक, ती म्हाताऱ्यासाठी, अशी असंख्य कुटुंबे आहेत.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासात मांडला गेला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांपैकी निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले आहेत. म्हणजे पहिल्या पावसाने बिळे भरू लागली की धोका आणखी वाढतो. घराभोवतीचा पसारा उचलणे, भिंतींची भगदाडे बुजविणे, अंगणात दिवा लावणे ही कामे म्हणूनच उन्हाळ्यातच उरकलेली बरी. सरकारदरबारी नोंदलेले आकडे या अंदाजाच्या कितीतरी खाली आहेत. नोंद नाही म्हणून कुप्यांची मागणी कमी, आणि मागणी कमी म्हणून पुरवठा अपुरा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्याविषयी राज्यांना लिहिले, ते उशिरा का होईना, योग्यच झाले.

राहिला प्रश्न मागे उरलेल्यांचा. राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाचा समावेश असून मृत्यूनंतर वारसांना दोन लाख रुपये मिळतात. तथापि २०२३ पासून राबविल्या जाणाऱ्या या योजनेचा लाभ वहितीधारक खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातील आणखी एका सदस्याला आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो शेतमजूर तीत बसत नाही. हळद काढणारी मजूर बाई, वीटभट्टीवर झोपडी घालून राहणारे जोडपे, दुसऱ्याच्या आखाड्यावर राखणीला असलेला सालगडी हेच तर उघड्या जमिनीवर झोपणारे लोक. शेतमालक आणि सालगडी यांना एकाच रात्री, एकाच आखाड्यावर साप चावला, तर एका घरी शासनाची मदत पोहोचेल आणि दुसऱ्या घरी पोहोचणार नाही. ही तफावत दूर करण्यासाठी नवा कायदा करण्याचीही आवश्यकता नाही. शासन निर्णयातील पात्रतेच्या अटीत ‘शेतमजूर’ हा एक शब्द वाढवला तरी पुरे.