विश्लेषण : जोडीदाराला चांगली सुरी भेट द्यायची, तर काय पाहावे?

दिवाळीचा पाडवा किंवा लग्नाचा वाढदिवस जवळ आला की भेटवस्तूचा शोध सुरू होतो. साडी, घड्याळ, मोबाइल या नेहमीच्या यादीत अलीकडे स्वयंपाकघरातील चांगल्या सुरीचीही भर पडली आहे. ऑनलाइन बाजारात दोनशे रुपयांपासून वीस हजार रुपयांपर्यंतच्या सुऱ्या एकाच पानावर दिसतात. ‘जर्मन पोलाद’, ‘जपानी डमास्कस’, ‘शेफ्स चॉइस’ असे शब्द प्रत्येकीला चिकटवलेले असतात. यातील महत्त्वाचे काय आणि निव्वळ सजावट कोणती? रोज चिरणाऱ्या हाताला खरोखर उपयोगी पडेल अशी सुरी कशी निवडायची, याचा हा आढावा.

सुरी ही खरेच भेट देण्याजोगी वस्तू आहे का?

केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे. शिवाय घरकामात सहभागी होणारे पुरुष जेमतेम २६ टक्के आढळले. स्वयंपाक हा या घरकामाचा मोठा भाग. असे असूनही अनेक घरांत टीव्ही आणि फोन बदलले जातात, पण कांदा-टोमॅटो चिरणारी सुरी मात्र भाजीवाल्याकडून किंवा भांड्यांच्या दुकानातून घेतलेली, बोथट झालेली तीच राहते.

बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा सुरक्षित असते, हा मोठा गैरसमज आहे. धार नसली की जोर लावावा लागतो, आणि जोराने दाबलेली सुरी टोमॅटोच्या किंवा कांद्याच्या गुळगुळीत सालीवरून घसरून बोटावर येते. मनगट आणि खांदाही दुखतो. कांद्याच्या बाबतीत आणखी एक फरक पडतो. पेशी फुटल्यावर तयार होणारा वायू डोळ्यांत पाणी आणतो. बोथट पाते पेशी कापण्याऐवजी चिरडते, त्यामुळे डोळे अधिक चुरचुरतात. म्हणजे चांगली सुरी ही चैनीची वस्तू नसून रोजच्या श्रमाचे साधन आहे. मात्र जोडीदाराला स्वयंपाकात रस नसेल, तर अशी भेट ‘आता तू स्वयंपाक कर’ असा निरोप ठरू शकते. त्यामुळे पहिला प्रश्न सुरीचा नसून घेणाऱ्याच्या आवडीचा आहे.

घरात विळी आहे, मग सुरी कशाला?

मराठी घरांत चिरण्याचे मूळ साधन विळी. तिचे पाते स्थिर असते आणि भाजी दोन्ही हातांनी पात्यावर नेली जाते. जमिनीवर बसून काम करताना ही रचना सोयीची. मेथी निवडून चिरणे, नारळ खोवणे, सुरण किंवा लाल भोपळा फोडणे यांत विळीला आजही तोड नाही. स्वयंपाक ओट्यावर उभ्याने होऊ लागला, तशी सुरी आणि चॉपिंग बोर्ड ही जोडी घरात आली. गुडघेदुखीमुळे खाली बसता न येणाऱ्यांना तर तिचाच आधार असतो.

सुरीने विळीची सगळी कामे होतील, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. नारळ फोडणे, शहाळे सोलणे, फणस कापणे, मटणाचे हाड तोडणे ही विळीची किंवा कोयत्याची कामे आहेत. महागड्या सुरीचे पाते याच कामांत सर्वाधिक मोडते. विळीवर वाढलेल्या हाताला सुरीची सवय व्हायला थोडे दिवस लागतात, हेही लक्षात घ्यावे.

कोणत्या आकाराची सुरी घ्यावी?

घरगुती वापरासाठी तीन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे. ‘शेफ्स नाइफ’ ही सर्वसाधारण वापराची लांब सुरी. तिचे पाते साधारण ८ इंच, म्हणजे २० सेंटिमीटर असते. धार किंचित गोलाई घेत टोकाकडे जाते, त्यामुळे टोक बोर्डवर टेकवून पाते पुढे-मागे झुलवत कोथिंबीर बारीक चिरता येते. ‘सान्तोकू’ ही जपानी सुरी थोडी आखूड, साधारण साडेसहा ते सात इंचांची असते. तिची धार बरीचशी सरळ असते, त्यामुळे वरून खाली चिरण्याची सवय असलेल्यांना ती लवकर जमते. तिसरी ‘पेअरिंग’ सुरी तीन ते चार इंचांची. साल काढणे, लसूण चिरणे, फळे कापणे यासाठी ती उपयोगी.

हात लहान असेल, ओटा अरुंद असेल किंवा मोठ्या पात्याची भीती वाटत असेल, तर सान्तोकू किंवा सहा इंची शेफ्स नाइफ बरी. मोठे कुटुंब असेल आणि रोज कोबी, दुधी, कलिंगड चिरायचे असेल, तर आठ इंची पाते सोयीचे पडते. पाते मुठीच्या जागी पुरेसे रुंद हवे. नाहीतर चिरताना बोटांची पेरे बोर्डवर आपटतात.

जर्मन पोलाद चांगले की जपानी?

जर्मनीतील सोलिंगेन, इंग्लंडमधील शेफिल्ड, जपानमधील सेकी आणि साकाई ही सुऱ्यांची जुनी केंद्रे. शेफिल्डमध्येच हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३मध्ये न गंजणारे पोलाद तयार केले आणि पुढे सुऱ्या-चमच्यांचा धंदाच बदलला. सोलिंगेन हे नाव जर्मनीत कायद्याने संरक्षित आहे. तिथे न बनलेल्या सुरीवर ते छापता येत नाही. मात्र ‘जर्मन पोलाद’ असे लिहिलेली सुरी जर्मनीत बनलेली असतेच असे नाही. पोलाद एका देशाचे आणि कारखाना दुसऱ्या देशात, हे सर्रास घडते.

पोलादाचा कठीणपणा ‘रॉकवेल’ या मापात सांगतात. जर्मन पद्धतीच्या सुऱ्या साधारण ५४ ते ५८, तर जपानी पद्धतीच्या बऱ्याचशा ६० किंवा त्याहून अधिक असतात. कठीण पोलादाला बारीक धार लावता येते आणि ती जास्त दिवस टिकते. पण ते ठिसूळही असते. गोठलेल्या मांसावर, हाडावर किंवा आंब्याच्या कोयीवर मारले, तर धारेचा टवका उडतो. तुलनेने मऊ पोलादाची धार लवकर उतरते, पण पुन्हा लावणे सोपे असते आणि ते आडदांड वापर सोसते. घरातील अनेक जण एकच सुरी वापरणार असतील, तर जर्मन पद्धतीची सुरी निर्धास्त ठरते. एकच व्यक्ती काळजीपूर्वक वापरणार असेल, तर जपानी सुरीचा आनंद वेगळा.

स्टेनलेस की कार्बन, हाही प्रश्न येतो. पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असले की त्याला स्टेनलेस म्हणतात. कार्बन पोलादाची धार उत्तम लागते, पण कैरी, लिंबू, चिंच, टोमॅटो यांच्या आंबटपणाने ते काळवंडते आणि ओले राहिले तर गंजते. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, कार्बनची सुरी रोज पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवावी लागते. पहिली चांगली सुरी म्हणून स्टेनलेसच घ्यावी.

जाहिरातीतील कोणत्या शब्दांना भुलू नये?

सर्वात फसवा शब्द ‘डमास्कस’. वेगवेगळ्या पोलादांचे थर एकत्र ठोकले की पात्यावर लाटांसारखी नक्षी उमटते. ती सुंदर दिसते, पण चिरण्याचे काम करतो तो मधला, धारेचा थर. नक्षीने धार वाढत नाही. स्वस्त सुऱ्यांवर तर ही नक्षी वरून कोरलेली किंवा छापलेली असते.

‘सर्जिकल स्टील’ या शब्दाला सुरीच्या बाबतीत नेमका अर्थ नाही. त्याऐवजी पोलादाचे नाव दिले आहे का, ते पाहावे. उदाहरणार्थ, अनेक जर्मन सुऱ्यांवर ‘एक्स ५० सीआर एमओ व्ही १५’ असे लिहिलेले असते. यातील ५० म्हणजे अर्धा टक्का कार्बन आणि १५ म्हणजे साधारण पंधरा टक्के क्रोमियम. पोलादाचे नाव आणि कठीणपणा सांगणारा विक्रेता निदान तपासता येईल अशी माहिती देत असतो.

दहा-बारा सुऱ्यांचा संचही दिसायला भरघोस असतो. प्रत्यक्षात त्यातील दोन-तीनच सुऱ्या वापरात राहतात. त्याच पैशांत एक चांगली मोठी सुरी, एक साधी पेअरिंग सुरी आणि लाकडी बोर्ड घेणे केव्हाही शहाणपणाचे.

हातात न घेता सुरी निवडता येईल का?

चप्पल जशी पायात घालून पाहतात, तशी सुरी हातात धरून पाहावी. अनुभवी आचारी मूठ पूर्ण आवळत नाहीत. अंगठा आणि तर्जनीने पात्याचा मुठीलगतचा भाग चिमटीत धरतात आणि उरलेल्या तीन बोटांनी मूठ. या पकडीत सुरी पुढे झुकते की मागे, मूठ तळव्यात नीट बसते की टोचते, हे लगेच कळते. पात्याची वरची कड बोटाला काचत नाही ना, पाते आणि मूठ यांच्या सांध्यात फट नाही ना, हेही पाहावे. अशा फटीत अन्नाचे कण आणि ओल साचते. मूठ ओल्या, तेलकट हातात घसरणारी नको.

येथेच अचानक भेट देण्याच्या हौसेला मुरड घालावी लागते. सुरी निवडणारा हात आणि वापरणारा हात वेगळा असेल, तर जोडीदारालाच दुकानात नेणे उत्तम. ते शक्य नसेल, तर घरातील कोणती सुरी सतत हातात घेतली जाते, तिचे पाते किती लांब आहे, हे मोजून ठेवावे आणि बदलून मिळण्याची सोय आहे का, ते आधी विचारावे. जोडीदार डावखुरा असेल, तर एकाच बाजूने धार असलेल्या पारंपरिक जपानी सुऱ्या टाळाव्यात. त्या बहुतेक उजव्या हातासाठी बनवलेल्या असतात.

धार कोण लावणार?

कितीही महाग सुरी असली, तरी तिची धार उतरतेच. त्यामुळे भेटीतील खरा प्रश्न हाच आहे. सुरीसोबत मिळणारी लोखंडी कांडी धार लावत नाही. ती वाकलेली धार सरळ करते. खरी धार दगडावर लागते. घरासाठी मध्यम, म्हणजे सुमारे १००० क्रमांकाचा दगड पुरतो. दगड ओला करून जर्मन सुरी साधारण २० अंशांत आणि जपानी साधारण १५ अंशांत, दोन्ही बाजूंनी सारखी घासायची असते. दोन-तीन वेळा जुन्या सुरीवर सराव केला की हात बसतो. दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे साधी सुरी जरूर द्यावी, पण महाग सुरी देण्याआधी विचार करावा. वेगाने फिरणाऱ्या चाकावर पाते तापले, तर पोलादाचा कठीणपणा कमी होतो आणि धातूही बराच झिजतो.

धार टिकवण्याचे नियम सोपे आहेत. ग्रॅनाइटचा ओटा, काचेचा बोर्ड, स्टीलचे ताट यांवर चिरू नये. लाकडी किंवा प्लास्टिकचा बोर्ड वापरावा. चिरलेली भाजी ढकलताना धार खरवडू नये, पात्याची पाठ वापरावी. सुरी सिंकमधील भांड्यांत किंवा डिशवॉशरमध्ये टाकू नये. लगेच धुवून, पुसून ठेवावी. चमच्यांच्या खणात मोकळी न ठेवता म्यानात किंवा भिंतीवरील चुंबकी पट्टीवर ठेवावी, लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर. ओटा आवरायला मदतीला येणाऱ्या ताईंनाही ‘ही सुरी धारदार आहे’ हे आवर्जून सांगावे.

सुरी भेट दिल्याने नाते तुटते का?

धारदार वस्तू दिल्याने संबंध तुटतात, ही समजूत युरोपापासून जपानपर्यंत आढळते. युरोपात त्यावर तोडगाही आहे. घेणारा देणाऱ्याला एक नाणे देतो, म्हणजे ती भेट न राहता खरेदी ठरते. आपल्याकडेही सुरी-कात्री थेट हातात देऊ नये, भांडण होते, असे म्हणतात. शकुनाचे सोडले, तरी सुरी खाली ठेवून दुसऱ्याने उचलावी ही सवय बोटांसाठी चांगलीच. घरातील मोठ्यांना रुखरुख वाटणार असेल, तर एक रुपया घेऊन प्रश्न मिटतो.

कायद्याचीही भीती नको. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, पण घरगुती वापरासाठी बनवलेल्या सुऱ्या त्यातून वगळल्या आहेत. विमानाने नेताना मात्र ती हातातील बॅगेत चालत नाही. नीट गुंडाळून चेक-इन सामानात टाकावी लागते.

थोडक्यात, एक मध्यम किमतीची स्टेनलेस सुरी, लाकडी बोर्ड आणि धार लावण्याचा दगड ही भेट बहुतेक घरांना पुरेशी आहे. त्यातील दगड देणाऱ्याने स्वतःकडे ठेवावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी धार लावून द्यावी. त्याच सुरीने अधूनमधून स्वतः कांदा चिरला, तर धार कधी उतरली हे विचारावेही लागणार नाही.