मागची टी, पुढची टी आणि हँडिकॅपचं गणित

गोल्फमध्ये प्रत्येक होलच्या सुरुवातीला पहिला फटका मारायची जागा एक नसते, तीन-चार असतात. सर्वांत मागे काळी किंवा निळी टी, मग पांढरी, सर्वांत पुढे लाल. रंग क्लबागणिक बदलतात, क्रम मात्र मागून पुढे असाच. सोलापूरहून अडीचशे किलोमीटरवर पुणं, तिथे नोकरीला गेलेली आपल्याकडची मुलं येरवड्याच्या पूना क्लबच्या मैदानावर एखाद्या मित्रासोबत जातात आणि परत आल्यावर सांगतात, "मी ९० मारले, तो ९३." गोल्फमध्ये कमी फटके म्हणजे चांगला खेळ; मग कोण चांगला खेळला? दोघं कोणत्या टीवरून खेळले हे कळल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही.

हँडिकॅप म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा. तो जितका लहान, तितका खेळाडू तयारीचा. पूर्वी जगात सहा वेगवेगळ्या पद्धती होत्या. इंग्लंडमधला १२ आणि ऑस्ट्रेलियातला १२ एकच असेल याची खात्री नव्हती. २०२० मध्ये 'आर अँड ए' आणि अमेरिकेची 'यूएसजीए' या दोन संस्थांनी मिळून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आणली. तिचा सगळा डोलारा टीवर उभा आहे: अवघडपणाचं रेटिंग मैदानाला मिळत नाही, त्या मैदानावरच्या प्रत्येक टीला मिळतं. तेही पुरुषांसाठी वेगळं आणि स्त्रियांसाठी वेगळं.

रेटिंग ठरवणारे लोक दोन काल्पनिक खेळाडू डोळ्यांपुढे ठेवून मैदान पायी फिरतात. पहिला स्क्रॅच खेळाडू, हँडिकॅप शून्य. पुरुष असेल तर त्याचा टीवरचा फटका २५० यार्ड जातो आणि ४७० यार्डांचं होल तो दोन फटक्यांत गाठतो. दुसरा बोगी खेळाडू, हँडिकॅप २० च्या आसपास. त्याचा फटका २०० यार्ड जातो आणि दोन फटक्यांत त्याचा पल्ला ३७० यार्डांपर्यंतच. स्त्रियांसाठी हेच पल्ले २१० व ४००, आणि १५० व २८० यार्ड.

स्क्रॅच खेळाडूला त्या टीवरून किती फटके लागावेत, तो आकडा म्हणजे कोर्स रेटिंग. बोगी खेळाडूचा तसाच आकडा म्हणजे बोगी रेटिंग. दोन्हींतल्या फरकाला पुरुषांसाठी ५.३८१ ने आणि स्त्रियांसाठी ४.२४ ने गुणलं की स्लोप मिळतो. स्लोप ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ हा प्रमाण मानतात. कच्च्या खेळाडूला ही टी पक्क्या खेळाडूच्या तुलनेत किती जास्त महागात पडते, ते स्लोप सांगतो.

आता टी मागे नेली की काय होतं, ते पाहू. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुरुषांच्या सूत्रात लांबी २२० यार्डांनी वाढली की स्क्रॅच खेळाडूचा एक फटका वाढतो. बोगी खेळाडूचा एक फटका वाढायला १६० यार्डच पुरतात. म्हणजे तीच माती, तेच अंतर, पण त्याची किंमत दोघांना सारखी नाही.

समजा, पांढरी टी ६,१०० यार्डांची, पार (म्हणजे मैदानासाठी ठरवून दिलेले फटके) ७२, कोर्स रेटिंग ६९.४, स्लोप १२२. निळी तिच्यापेक्षा ५०० यार्डांनी लांब. बाकी अडथळे तेच धरले तर निळीचं रेटिंग होईल ७१.७ आणि स्लोप १२७. पांढरीवरून ९० मारणाऱ्याचा हिशेब असा: ९० मधून ६९.४ वजा केले, उरले २०.६. त्याला ११३ ने गुणून १२२ ने भागलं, की १९.१. निळीवरून ९३ मारणाऱ्याचे उरतात २१.३, त्याला ११३ ने गुणून १२७ ने भागलं, की १९.०. तीन फटके जास्त मारूनही दुसऱ्याची फेरी किंचित सरस. अशा शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वांत चांगल्या ८ फेऱ्यांची सरासरी म्हणजे हँडिकॅप इंडेक्स. त्याची कमाल मर्यादा ५४.

इंडेक्स खेळाडूसोबत सगळीकडे जातो. प्रत्यक्ष खेळताना मात्र तो त्या दिवशीच्या टीप्रमाणे बदलून घ्यायचा असतो: इंडेक्सला स्लोपने गुणायचं, ११३ ने भागायचं, आणि कोर्स रेटिंग उणे पार एवढा फरक त्यात मिळवायचा. वरच्या मैदानावर इंडेक्स १८ असलेल्याला पांढरीवरून १७ फटक्यांची सूट मिळते, निळीवरून २०. इंडेक्स ४ असलेल्याला अनुक्रमे २ आणि ४. मागे जाण्याबद्दल एकाला तीन फटके वाढवून मिळाले, दुसऱ्याला दोन.

लांबीसुद्धा फक्त फीत लावून मोजत नाहीत. चेंडू पडल्यावर किती घरंगळतो, वारा कसा, चढ-उतार किती, होल कोपऱ्यात वळतं का, पाण्यामुळे अलीकडेच थांबावं लागतं का, हे सगळं धरतात. समुद्रसपाटीपासून २,००० फूट किंवा त्याहून उंचावर मैदान असेल तर विरळ हवेत चेंडू लांब जातो, म्हणून तिथे लांबी कमी धरतात. उटीला ही सूट लागू होते. पुणं साधारण १,८०० फुटांवर आणि सोलापूर १,५०० च्या आसपास, म्हणून आपल्या पठारावर ती लागू नाही. पण उन्हाळ्यात आपली जमीन कशी टणक होते ते सोलापूरकराला सांगायला नको. अशा जमिनीवर चेंडू पडल्यावरही बराच पुढे धावतो, आणि कागदावर लांब दिसणारं होल खेळायला आखूड ठरतं. याखेरीज झाडं, बंकर, पाणी, उंच गवत, ग्रीनचा उतार यांना होलगणिक वेगळे गुण देतात.

लाल टीला अजूनही सर्रास 'लेडीज टी' म्हणतात, ते सोडून द्यायला हवं. ५,२०० यार्डांच्या लाल टीचं नुसत्या लांबीवरून निघणारं रेटिंग स्त्रियांसाठी ६९ च्या जवळ, पुरुषांसाठी ६४.५ च्या जवळ येतं. अशी दोन्ही रेटिंग दिलेली असली की पासष्टीतले काका लाल टीवरून खेळले तरी त्यांचं कार्ड तितकंच खरं ठरतं. २०११ मध्ये अमेरिकेत 'टी इट फॉरवर्ड' नावाची मोहीमच निघाली: आपला फटका जेवढा जातो, त्याला साजेल एवढंच लांब मैदान निवडा. २०० यार्ड मारणाऱ्याला त्यांनी ५,२०० ते ५,४०० यार्डांचं मैदान सुचवलं. आपल्याकडे हा सल्ला फार कमी लोक मानतात. निळीवर उभं राहण्यात मान वाटतो, आणि मग पहिल्याच होलवर चार फटके खर्चूनही ग्रीन दिसत नाही. खेळ रेंगाळतो, मागची चौकडी खोळंबते.

पांढरीवरून वडील आणि लालवरून मुलगी असा सामनाही चोख होतो. वडिलांचा इंडेक्स १८, म्हणजे १७ फटके. मुलीचा इंडेक्स २२; लाल टीचं स्त्रियांसाठीचं रेटिंग ७०, स्लोप १२० आणि पार ७२ धरला तर तिला २१ मिळतात. फरक चार फटक्यांचा. कार्डावर ज्या चार होलांना स्ट्रोक इंडेक्स (सूट कोणत्या क्रमाने द्यायची तो क्रमांक) १ ते ४ दिला आहे, तिथे मुलीला एकेक फटका सूट मिळते. उरलेल्या १४ होलांवर दोघं बरोबरीने खेळतात.